‘बाडो’ म्हणजे ‘नाही’ नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

७ जुलैच्या जागतिक किस्वाहिली दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. मराठी वर्तमानपत्रात किस्वाहिलीवर, म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेवर, अर्धं पान आलेलं पाहून इतका आनंद झाला की पहिल्या वाचनात काही खटकलंच नाही. दुसऱ्यांदा वाचताना मात्र दोन ठिकाणी थांबलो. लेखक म्हणतात, या भाषेत क्रियाविशेषणं अगदी मोजकी आहेत, शब्दकोशातली वेचून काढली तर दोन-तीन पानांत संपतील. त्यामुळे ती शिकायला सोपी, पण ‘कसं, कधी, कुठे’ सांगण्याच्या बाबतीत ढोबळ आहे. आणि खाली प्रवाशांसाठी शब्दांची चौकट आहे, तिच्यात ‘बाडो – नाही’ अशी ओळ आहे.

मी भाषेचा प्राध्यापक नाही. विंधनविहिरी खोदणाऱ्या एका कंपनीच्या रिगवर मी १९९४ ते २००५ अशी अकरा वर्षं टांझानियात होतो. त्यातली बहुतेक डोडोमा आणि सिंगिडा या मधल्या कोरड्या मुलखात गेली. तिथे पाऊस साधारण डिसेंबर ते एप्रिल पडतो, बाकीचं वर्ष कोरडं. भाषा मी पुस्तकातून शिकलो नाही. कंप्रेसरच्या आवाजात, ओरडून बोलणाऱ्या माणसांकडून शिकलो. आमच्या कामाला क्रियापदं लागायची पाच-सहा: काझा म्हणजे आवळ, लेगेझा म्हणजे सैल कर, इनुआ म्हणजे उचल, शुशा म्हणजे खाली सोड, वुटा म्हणजे ओढ, सिमामा म्हणजे थांब. ही पहिल्या आठवड्यात येतात. काम साधायचं किंवा फसायचं ते त्यांच्या मागून येणाऱ्या ‘कसं’ आणि ‘किती’वर. म्हणून लेखकांनी ज्याला मोजकं म्हटलं, तेच शिकायला मला सगळ्यांत जास्त वर्षं लागली.

आधी क्रमाचं सांगतो. आपण ‘हळू सोड’ म्हणतो. जपण्याची सूचना आधी, काम मागून. किस्वाहिलीत ‘शुशा पोलेपोले’. ‘सोड’ आधी कानावर पडतं, ‘हळू’ मागून येतं. विंचच्या दांड्यावर हात ठेवून उभा असलेला नवखा पोरगा ‘शुशा’ ऐकताच ब्रेक सोडायचा, आणि ‘पोलेपोले’ त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर सहा इंची केसिंग पाइप हातभर खाली गेलेला असायचा. आमच्या रिगवर टांगा या किनाऱ्यावरच्या शहराकडचे एक वयस्कर फुंडी होते. फुंडी म्हणजे मिस्त्री, कारागीर. आम्ही सगळे त्यांना ‘म्झे’ म्हणायचो, आपण वडीलधाऱ्याला ‘बाबा’ म्हणतो तसं, आणि सकाळी भेटल्यावर ‘शिकामू’ म्हणून नमस्कार करायचो. त्यावर ते ‘माराहाबा’ म्हणायचे. त्यांनी या क्रमावर उपाय काढला होता. ते आधी नुसतं ‘पोलेपोले!’ ओरडायचे. सगळ्यांचे हात आखडले, माना वळल्या, की मग ‘शुशा’. पुढे मीही तेच केलं.

या ‘पोलेपोले’चा अर्थ लेखात ‘आरामात, घाई कसली’ असा दिला आहे. समुद्रकिनाऱ्यावर सुट्टीला गेलेल्याला तो तसाच ऐकू येत असेल. पण शब्दाचं मूळ बघा. ‘पोले’ हा शब्द तिथे दिवसातून वीसदा कानावर पडतो. कुणाला ठेच लागली, कुणी जड ओझं घेऊन चाललंय, कुणाच्या घरी आजारपण आहे, तर समोरचा ‘पोले’ म्हणतो. तुमचा त्रास मला दिसतोय, एवढाच त्याचा अर्थ. ‘म्पोले’ म्हणजे शांत, मवाळ माणूस. तोच ‘पोले’ दोनदा आला की ‘पोलेपोले’. रिगवर त्याचा अर्थ होता ‘जपून, कुणाच्या बोटावर येऊ न देता’. दोन टनांची तार ताणलेली असताना आरामात हा विचार कुणाच्या मनात येत नाही.

शब्द दोनदा म्हणून क्रियाविशेषण करणं आपल्याला नवीन नाही. हळूहळू, भराभर, एकेक. तिथेही ‘हराका हराका’ म्हणजे घाईघाईने, ‘मोजा मोजा’ म्हणजे एकेक करून. म्हणही आहे: ‘हराका हराका हाइना बाराका’, घाईघाईत बरकत नसते. कधी कधी दुप्पट झाल्यावर अर्थ दुसरीकडेच जातो. ‘म्बाली’ म्हणजे दूर, पण ‘म्बालीम्बाली’ म्हणजे निरनिराळे. एकमेकांपासून दूर ठेवलेल्या वस्तू वेगवेगळ्याच असणार, हे पटायला मला वेळ लागला नाही.

आता शब्दकोशातल्या पानांचा मुद्दा. किस्वाहिलीत, आणि मध्य, पूर्व व दक्षिण आफ्रिकेतल्या ज्या कुळातली ती आहे त्या एकूणच बांटू भाषांत, प्रत्येक नाम कुठल्या तरी वर्गातलं असतं आणि वर्गाचा उपसर्ग नामाबरोबर विशेषणालाही लागतो. ‘म्टु म्झुरी’ चांगला माणूस, ‘वाटु वाझुरी’ चांगली माणसं, ‘किटु किझुरी’ चांगली वस्तू, ‘विटु विझुरी’ चांगल्या वस्तू. आता म्झे म्हणायचे ‘काझा विझुरी’, म्हणजे नीट आवळ. ‘विझुरी’ तोच, पण इथे वस्तूंचा पत्ता नाही. वस्तूंच्या अनेकवचनाचा हा ‘वि’ कुठल्याही नामाला न बांधता मोकळा ठेवला की विशेषण क्रियेकडे वळतं. ‘बाया’ हे वाईटचं मूळ, त्यावरून ‘विबाया’ म्हणजे वाईट रीतीने. ‘गुमु’ म्हणजे कठीण, त्यावरून ‘विगुमु’ म्हणजे मुश्किलीने. इतकंच काय, ‘कसं?’ हे विचारणारा ‘विपी’सुद्धा याच ‘वि’चा.

इंग्रजीच्या चष्म्यातून पाहणाऱ्याला हे विचित्र वाटतं, कारण तिथे शेवटी एक ठरावीक प्रत्यय चिकटवायची सवय असते. मराठी माणसाला विचित्र वाटायचं कारण नाही. ‘ती चांगलं गाते’ हे वाक्य घ्या. गाणारी ती, म्हणजे स्त्रीलिंग. मग ‘चांगलं’ हे नपुंसकलिंग कुठून आलं? आपणही विशेषण कुठल्याच नामाला न बांधता नपुंसकात मोकळं सोडतो आणि ते क्रियेला लागतं. आपण नपुंसकलिंग वापरतो, ते ‘वि’चा वर्ग वापरतात. हे मला एका दुपारी रिगच्या सावलीत चहा पिताना लक्षात आलं आणि तेव्हापासून ही भाषा मला परकी वाटेनाशी झाली.

तसाच ‘कि’. ‘म्टोटो’ म्हणजे मूल, ‘किटोटो’ म्हणजे मुलासारखं, पोरकटपणे. गावरान कोंबडीला ‘कुकु वा किएन्येजी’ म्हणतात, इथल्या रीतीची कोंबडी. ‘किफुडिफुडी’ म्हणजे पालथं, ‘किन्युमेन्युमे’ म्हणजे उलट्या पावली. आणि ज्या शब्दावर तुमचा अख्खा लेख उभा आहे तो ‘किस्वाहिली’ शब्दही याच ‘कि’चा: स्वाहिलींची भाषा आणि स्वाहिलींची रीत, दोन्ही त्यात आहे. जी भाषा आपलं नावच ‘रीती’च्या उपसर्गाने सांगते, तिच्याकडे ‘कसं’ सांगायला शब्द कमी आहेत असं म्हणणं मला फार लागलं. शब्दकोशात हे शब्द सुटे सापडत नाहीत, कारण ते बोलताना घडवले जातात. ‘क्वा’ लावून होणारे तर अगणित: ‘क्वा न्गुवु’ ताकदीने, ‘क्वा फुराहा’ आनंदाने, ‘क्वा उआंगालिफु’ काळजीपूर्वक. आपल्या ‘-ने’सारखाच हा कारखाना आहे, आणि ‘-ने’चे शब्द कुणी कोशात मोजत बसत नाही.

जे शब्द सुटे सापडतात त्यांतले बरेच अरबीतून आलेले आहेत. किनाऱ्यावरच्या शेकडो वर्षांच्या व्यापारातून ते आले, आणि त्यांची भावंडं आपल्याकडेही फारसीमार्गे आली. ‘हराका’ म्हणजे घाई. मूळ अरबी अर्थ हालचाल, आणि आपल्याकडे तीच ‘हरकत’ झाली. ‘घाफ्ला’ म्हणजे अचानक. आपली ‘गफलत’ तिची सख्खी बहीण, कारण मुळात अर्थ बेसावधपणा. ‘टायारी’ म्हणजे तयार, आणि त्यावरूनच ‘झालं सुद्धा’ या अर्थीही. ‘हासा’ म्हणजे विशेषतः, आपला ‘खास’. सगळ्यांत गमतीची जोडी ‘कावाइडा’ची. ‘क्वा कावाइडा’ म्हणजे नेहमीप्रमाणे, रिवाजानुसार. अरबी ‘काइदा’चं अनेकवचन ‘कवाइद’, त्यातून किस्वाहिलीत रिवाज आला आणि मराठीत एकवचनातून ‘कायदा’ व अनेकवचनातून ‘कवायत’ आली. ‘लाब्डा’ म्हणजे कदाचित. अरबीत त्याच शब्दांचा अर्थ ‘सुटका नाही, नक्कीच’ असा आहे. खात्रीचा शब्द समुद्र ओलांडताना शंकेचा कसा झाला, यावर मी आजही विचार करतो.

‘कधी’च्या ढोबळपणाबद्दल एकच सांगतो. ‘जुझी’ म्हणजे होऊन गेलेला परवा आणि ‘केशो कुट्वा’ म्हणजे येणारा परवा. मराठीत दोन्हींना एकच ‘परवा’. त्याच्या पुढचा दिवस, आपला तेरवा, म्हणजे ‘म्टोंडो’, आणि त्याच्याही पुढचा ‘म्टोंडोगो’. हे शेवटचे दोन आता तरुणांच्या तोंडी फारसे नाहीत. म्झे मात्र डिझेलचा टँकर कधी येणार हे अजून ‘म्टोंडो’त सांगायचे. या बाबतीत ढोबळ कोण, ते वाचकांनी ठरवावं.

आवाजाच्या शब्दांबद्दल लेखात एक अक्षर नाही, आणि बांटू भाषांत क्रियेचं वर्णन करणारा सगळ्यांत जिवंत ऐवज तोच आहे. गावात जुनी हातखोदाईची विहीर असली की म्झे तिच्यात आधी खडा टाकायचे आणि कान द्यायचे. ‘चुब्वी’ आलं तर पाणी आहे. ‘पु’ आलं तर गाळ. आपल्या ‘डुबुक’ आणि ‘धप्प’मधला हा फरक आहे, आणि तो मला भाषांतराशिवाय कळला. ‘कुलाला फोफोफो’ म्हणजे ढाराढूर झोपणं. ‘कुलोवा चेपेचेपे’ म्हणजे चिंब भिजणं. ‘गिझा टोटोरो’ म्हणजे मिट्ट काळोख. ‘न्येउपे पे’ पांढरंशुभ्र, ‘न्येउसी टी’ काळंकुट्ट. जसा आपला ‘कुट्ट’ काळ्यालाच लागतो, पिवळ्याला ‘धमक’ लागतं आणि हिरव्याला ‘गार’, तसाच ‘टी’ काळ्याचाच आहे, दुसऱ्या रंगाशी तो बसत नाही. क्लेमंट डोक या अभ्यासकांनी १९३५ साली बांटू भाषांतल्या अशा शब्दांना ‘आयडिओफोन’ हे नाव दिलं, हे मला फार पुढे वाचनात कळलं. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू या बांटू भाषेत तर हे शब्द ‘म्हणणे’ या अर्थाच्या ‘थी’ क्रियापदाला जोडून येतात. ‘उकुथी डू’, डू म्हणणं, म्हणजे गप्प राहणं. आपणही ‘धप्प करून पडला’, ‘खळ्ळकन फुटलं’, ‘सर्रदिशी गेला’ म्हणतो. या ‘करून’चं, ‘कन’चं, ‘दिशी’चं काम तेच. ‘कुले’ म्हणजे तिकडे, आणि लांब असेल तर ‘कुलेऽऽऽ’. जितका स्वर लांब तितकी जागा लांब. रस्ता विचारला की या ‘ले’च्या लांबीवरून मी डिझेलचा अंदाज बांधायचो, आणि तो बहुधा बरोबर यायचा.

आता ‘कुठे’. इथे मला जरा जास्त जागा द्यावी.

‘हापा’, ‘हुकु’, ‘हुमु’. इंग्रजीतून शिकणाऱ्याला तिन्हींचा अर्थ एकाच शब्दात सांगतात. मराठीत तीन शब्द तयार आहेत. ‘हापा’ म्हणजे इथे, बोट ठेवता येईल अशी जागा. ‘हुकु’ म्हणजे इकडे, या अंगाला. ‘हुमु’ म्हणजे यात, याच्या आत. दुसऱ्याच वर्षी एका सकाळी मी अवजारांच्या लोखंडी पेटीचं झाकण उघडून उभा होतो. मदतनीस पोरगा ओरडला, ‘फुंडी, हुमु म्ना न्योका!’ मला ‘न्योका’ तेवढं कळलं: साप. मी पायाशी पाहिलं, गवतात पाहिलं, आणि एक हात पेटीच्या काठावर तसाच ठेवून मागे वळलो. म्झेंनी माझं मनगट धरून मला खेचलं. साप पेटीत होता, पान्ह्यांच्या खाली. पोराने ते स्पष्ट सांगितलं होतं. ‘हुमु’ म्हणजे यात, आणि ‘म्ना’ म्हणजे आत आहे. आसपास असता तर तो ‘हापा पाना न्योका’ म्हणाला असता. दोन शब्दांत दोनदा त्याने मला ‘आत’ म्हटलं होतं आणि मी जमीन शोधत होतो.

त्या रात्री म्झेंनी मला विहिरीवरून हे समजावलं. विहीर म्हणजे ‘किसिमा’. तिला ‘नी’ लावला की ‘किसिमानी’, जसं आपलं घर–घरी, दार–दारी. पण आपलं ‘घरी’ तिथेच थांबतं. ‘किसिमानी’ वाक्याचा मालक होतं. ‘किसिमानी पाना वाटु’ म्हणजे विहिरीपाशी माणसं आहेत. ‘किसिमानी म्ना माजी’ म्हणजे विहिरीत पाणी आहे. आणि विहिरीकडे, त्या बाजूला, असं म्हणायचं तर ‘कुना’. जागा त्याच एका शब्दाची, आणि ती जागेवर आहे, बाजूला आहे की आत, हे क्रियापदाच्या तोंडाशीच कळतं. म्हणून कोरडेपणाही तीन तऱ्हांचा. ‘पामेकाउका’ म्हणजे ही जागा सुकली. ‘कुमेकाउका’ म्हणजे हा सगळा मुलूख सुकला. ‘म्मेकाउका’ म्हणजे आत सुकलं. गावच्या बैठकीत यांतला कुठला शब्द येतो त्यावरून मला कळायचं की लोक विहीर दुरुस्त करायला सांगताहेत की नवी जागा बघायला. इंग्रजी व्याकरण ज्याला क्रियाविशेषण म्हणेल तो शब्द इथे कर्त्याच्या जागी बसतो आणि क्रियापदाला आपल्यामागे चालवतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. रोजच्या बोलण्यात, विशेषतः आतल्या भागात आणि शहरांत, बहुतेक लोक तिन्हीकडे ‘कुना’वरच भागवतात. किनाऱ्याकडचे आणि जुनी जपून बोलणारी माणसं हा फरक पाळतात. प्रमाण किस्वाहिली झांझिबारच्या बोलीवर उभी करायचं १९२८ साली मोम्बासाच्या परिषदेत ठरलं, त्यामुळे पुस्तकी भाषेतही तो टिकून आहे. पण न पाळणाऱ्याच्या तोंडातही तो असतोच. तुमच्या चौकटीतली ‘हापाना – नाही’ ही ओळ बरोबर आहे. तो शब्द सोडवून बघा: ‘हा’ नकाराचा, ‘पा’ जागेचा, ‘ना’ सहितचा. ‘या जागी नाही’. ‘हाकुना’ म्हणजे त्या अंगाला नाही, ‘हाम्ना’ म्हणजे आत नाही. लेखात पर्यटकांचं लाडकं ‘हाकुना माटाटा’ आलं आहे. मला रिगवर रोज ऐकू यायचं ते ‘हाम्ना शिडा’, काही अडचण नाही. नकार देतानासुद्धा हे लोक जागा सांगतात.

राहिलं क्रियापद. तिथे क्रियाविशेषण पोटातच असतं. ‘टुलिशिंडा किसिमानी’ म्हणजे आम्ही दिवसभर विहिरीवर होतो. ‘टुलिकेशा किसिमानी’ म्हणजे रात्रभर जागून होतो. ‘दिवसभर’ आणि ‘रात्रभर’ असे वेगळे शब्द या वाक्यांत नाहीतच. ‘शिंडा’ म्हणजे दिवस काढणं, ‘केशा’ म्हणजे रात्र जागवणं. ‘उशिरा पोचला’ हे ‘आमेचेलेवा कुफिका’, म्हणजे पोचायला उशीर केला. ‘कधी तरी’ हे ‘कुवाही’ या क्रियापदात आहे. शब्दकोशात क्रियाविशेषण म्हणून हे कुणाला सापडणार नाही.

आणि ‘अजून’. त्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो.

डोडोमाच्या उत्तरेला एका गावात आम्ही तिसऱ्या दिवशी ९० मीटरवर होतो आणि हॅमरखालून नुसती धूळ येत होती. बायका पहाटेपासून येऊन बसल्या होत्या, प्रत्येकीपुढे पिवळे, वीस लिटरचे डबे. तिथे त्यांना ‘माडुमु’ म्हणतात. त्यांच्यातली एक म्हातारी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, ‘माजी?’ पाणी? मी म्हटलं, ‘हायाकुटोका.’ माझ्या समजुतीने मी ‘आलं नाही’ एवढंच सांगितलं होतं. तिने मागे वळून बाकीच्यांना त्यांच्या गोगो भाषेत काही सांगितलं. कुणी आवाज केला नाही. एकेक करून उठल्या, रिकामे डबे उचलले आणि चालू लागल्या.

म्झेंनी मला विचारलं, तू काय सांगितलंस? मी शब्द सांगितला. ते हातातला पान्हा टाकून त्यांच्यामागे गेले, त्या वयात जवळजवळ धावतच, आणि हाका मारत होते: ‘बाडो! हायाजाटोका! बाडो!’

‘हायाकुटोका’ म्हणजे पाणी आलं नाही, विषय संपला. ‘हायाजाटोका’ म्हणजे पाणी अजून आलेलं नाही. मधलं एक अक्षर, ‘कु’ऐवजी ‘जा’. पहिल्यात घटना घडून गेली आणि निकाल लागला. दुसऱ्यात वाट बघणं चालू आहे. मराठीत मी ‘आलं नाही’ म्हटलं असतं तरी स्वरावरून कळलं असतं की अजून येईल; किस्वाहिलीत स्वरावर सोडलेलं नाही, क्रियापदालाच ते सांगावं लागतं. बायका परत येऊन बसल्या. माझ्याकडे कुणी रागाने पाहिलं नाही. त्या म्हातारीने मला फक्त ‘पोले’ म्हटलं, आणि ज्याने तिला उठवून लावलं त्याचीच तिने विचारपूस केली, हे मी विसरलेलो नाही. दोन दिवसांनी ११८ मीटरवर पाणी लागलं. किंचित मचूळ, पण ‘टेले’, म्हणजे भरपूर.

‘बाडो’ हा त्याच ‘जा’चा सुटा जोडीदार. जेवलात का? बाडो. मुलीचं लग्न झालं का? बाडो. पाऊस पडला का? बाडो. तिथे असं विचारलं तर साधा नकार सहसा कुणी देत नाही, कारण जे पुढे होण्यासारखं आहे त्याला ‘हापाना’ म्हणणं म्हणजे ते होणारच नाही असं म्हणणं. तुमची चौकट कापून खिशात ठेवणारा एखादा मुलगा उद्या तिथल्या दवाखान्यात, शाळेत किंवा रिगवर कामाला जाईल. त्याला कुणी ‘बाडो’ म्हणालं की तो ‘नाही’ समजून उठून जाईल, किंवा ‘अजून नाही’ म्हणायचं तिथे ‘हापाना’ म्हणून समोरच्याला उठवून लावेल.

लेखाबद्दल बाकी माझी काही तक्रार नाही. ज्यांनी लिहिला त्यांनी या भाषेवर प्रेमच केलं आहे. पुढच्या वेळी बांटू भाषांवर कुणाकडून लिहून घ्याल तर त्यांना इंग्रजी पुस्तकाऐवजी मराठीशी ताडून लिहायला सांगावं, ही विनंती. ‘इथे, इकडे, यात’ ज्याच्या तोंडी आहे, ‘मिट्ट’ आणि ‘डुबुक’ ज्याला शिकवावं लागत नाही, त्याला इंग्रजीच्या वळशाने नेण्याची गरज नाही. आणि त्याच्या आधी, येत्या पुरवणीत, चौकटीतल्या त्या ओळीत ‘अजून’ हा एक शब्द घालून ती पुन्हा छापावी: बाडो – अजून नाही.

आपला,
विंधनविहिरींवर काम केलेला एक वाचक